वेंगुर्ल्याच्या वाळूतलं टोपण आणि बेळगावचा नाला

मे महिना किंवा दिवाळीची सुट्टी लागली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गाड्या चोर्ला नाहीतर आंबोलीचा घाट उतरायला लागतात. कुणी वेंगुर्ल्याला, कुणी मालवणला, कुणी गोव्याला, कुणी कारवारला. समुद्र आपल्या बेळगाव जिल्ह्याला लागत नाही, पण सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला मासे ताटात असतात, इतका तो जवळ आहे. किनाऱ्यावर पोचल्यावर लहान पोरं एक गोष्ट हमखास करतात. भरतीने आणून टाकलेल्या कचऱ्याच्या ओळीत शंख-शिंपले शोधता शोधता बाटलीची टोपणं, रंगीत तुकडे, पेनाची नळी असलं काहीबाही गोळा करतात. मूठभर खिशात जातं. अगदी धाकटं पोर असेल तर एखादा तुकडा तोंडातही जातो.

त्या तुकड्यावर काय असतं, हे गेल्या दहा-पंधरा वर्षांत शास्त्रज्ञांनी बारकाईने पाहिलं आहे. ते प्रत्येक आई-बापाला कळायला हवं. घाबरून समुद्रावर जाणं बंद करावं असं त्यात काही नाही. पण त्यातला मोठा भाग समुद्राइतकाच आपल्या गटारांशी आणि नाल्यांशी संबंधित आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही.

आधी जंतू प्लास्टिकवर बसतात कसे ते पाहू. पाण्यात पडलेली कुठलीही वस्तू फार वेळ कोरी राहत नाही. पाण्यात विरघळलेली प्रथिनं, साखरेसारखे पदार्थ, तेलकट अंश यांचा एक अतिपातळ लेप काही मिनिटांतच तिच्यावर चढतो. हा लेप म्हणजे जंतूंसाठी पाय रोवायची जागा. काही तासांत पहिले जीवाणू येऊन चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट पदार्थ सोडू लागतात. त्या चिकट्यात आणखी जीवाणू अडकतात, मग शेवाळाचे सूक्ष्म प्रकार येतात, बुरशी येते, या सगळ्यांना खाणारे एकपेशीय जीव येतात. दिवस-दोन दिवसांत एक बुळबुळीत थर तयार होतो. त्याला बायोफिल्म म्हणतात. ही काही समुद्रातच घडणारी गोष्ट नव्हे. गच्चीवरच्या टाकीची आतली बाजू बोटाने चोळून पाहा, मोरीच्या जाळीखाली हात घाला, सकाळी दात घासण्याआधी जीभ दातांवरून फिरवा, तोच थर लागेल.

हा थर म्हणजे जंतूंचा वाडा. भिंती आहेत, दिंडी दरवाजा आहे, आत साठवलेलं धान्य आहे. मोकळ्या पाण्यात एकटा तरंगणारा जीवाणू उन्हाने मरतो, खारटपणाने मरतो, दुसऱ्या सूक्ष्म जीवांचा घास होतो. थराच्या आत असलेल्याला ऊन कमी लागतं, खाणारे सहज पोचत नाहीत, अन्न आयतं मिळतं, आणि क्लोरीनसारखं औषधही आतपर्यंत सावकाश झिरपतं. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जीवाणू समुद्राच्या उघड्या पाण्यात, कडक उन्हात, काही तासांतच झपाट्याने कमी होतो. म्हणून पूर्वी असं मानलं जायचं की मैला समुद्रात गेला की ऊन आणि मीठ त्याचा बंदोबस्त करतात. तरंगणाऱ्या प्लास्टिकने या समजुतीला मोठं भोक पाडलं.

2013 साली एरिक झेटलर, ट्रेसी मिन्सर आणि लिंडा अमाराल-झेटलर यांनी उत्तर अटलांटिक महासागरातून गोळा केलेले प्लास्टिकचे बारीक तुकडे तपासले. तुकड्यांवरची जंतूंची वस्ती आजूबाजूच्या पाण्यातल्या वस्तीपेक्षा अगदी वेगळी निघाली. या वस्तीला त्यांनी प्लास्टिस्फिअर असं नाव दिलं. एका तुकड्यावर तर सापडलेल्या जीवाणूंपैकी जवळपास पाव भाग व्हिब्रिओ या कुळातले होते. व्हिब्रिओ म्हटलं की कॉलरा आठवतो, कारण कॉलऱ्याचा जंतू याच कुळातला. पण इथे एक सावधगिरी पाळायला हवी, कारण बातम्यांत ती नेमकी गळते. व्हिब्रिओ कुळात शंभराहून अधिक प्रजाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक माणसाचं काहीही वाकडं करत नाहीत. ‘प्लास्टिकवर व्हिब्रिओ सापडला’ याचा अर्थ ‘प्लास्टिकवर कॉलरा सापडला’ असा होत नाही.

तरी प्रश्न तिथे संपत नाही. 2016 साली जर्मनीतल्या संशोधकांनी उत्तर समुद्र आणि बाल्टिक समुद्रातल्या तरंगत्या कणांवरून व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हा जिवंत जंतू वाढवून दाखवला. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या समुद्री अन्नातून पोटात जाऊन जुलाब आणि उलट्या करणारा हा जंतू. त्याचाच भाऊबंद व्हिब्रिओ व्हल्निफिकस. तो कोमट, निमखाऱ्या पाण्यात, म्हणजे खाड्या आणि नदीच्या मुखांपाशी रमतो. जखमेतून शरीरात शिरला तर काही जणांत फार वेगाने पसरतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या म्हणण्याप्रमाणे अशा पाच रुग्णांपैकी साधारण एक दगावतो, आणि काही वेळा एक-दोन दिवसांतच. हा आजार विरळा आहे, धोका मुख्यतः यकृताचा विकार, मधुमेह किंवा कमजोर प्रतिकारशक्ती असलेल्यांना आहे. पण व्हिब्रिओंना कोमट पाणी आवडतं, आणि कोकणचा समुद्र वर्षभर कोमट असतो. युरोपातल्या थंड पाण्यात जे सापडलं त्याकडे आपण ‘ते तिकडचं’ म्हणून दुर्लक्ष करावं, अशी आपली परिस्थिती नाही.

व्हिब्रिओ हे समुद्राचे मूळ रहिवासी. माझ्या मते त्याहून जास्त काळजी करावी अशी दुसरी टोळी आहे. ती समुद्रात जन्मत नाही, आपल्या संडासातून तिथे जाते.

स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग विद्यापीठात रिचर्ड क्विलियम यांच्या गटाने या बाजूने बरंच काम केलं आहे. 2019 साली त्यांनी पोहण्याच्या किनाऱ्यांवर सापडणारा प्लास्टिकचा दाणा तपासला. मोल्डिंगच्या कारखान्यात पोत्यांतून येतो तोच हा मसुराएवढा कच्चा दाणा. जहाजांतून आणि कारखान्यांतून सांडून तो जगभरच्या वाळूत मिसळला आहे. 25 मे 2025 रोजी केरळजवळ एमएससी एल्सा 3 हे जहाज बुडालं, तेव्हा केरळ आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर असाच दाणा लोकांनी चाळण्या लावून वेचला. स्कॉटलंडच्या दाण्यांवर ई. कोलायही होता आणि व्हिब्रिओही. पुढे 2022 साली त्याच गटाने किनाऱ्यावर वाहून आलेले ओले वाइप्स आणि कान साफ करायच्या काड्या तपासल्या. या दोन्ही वस्तू लोक संडासात टाकतात आणि त्या सांडपाण्यातून थेट समुद्र गाठतात. त्यांच्यावर विष्ठेतले जंतू होतेच, शिवाय प्रतिजैविकांना, म्हणजे अँटिबायोटिक औषधांना, न जुमानण्याची जनुकंही सापडली.

ही जनुकांची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे. जीवाणू आपल्यासारखे फक्त पोटच्या पोरांनाच वारसा देत नाहीत. शेजारी बसलेल्या, अगदी दुसऱ्या जातीच्या जीवाणूलाही ते आपल्या जनुकांचा एखादा तुकडा देऊ शकतात. एखाद्याकडे ठरावीक औषध पचवायची युक्ती असेल, तर ती अशी हातोहात पसरते. त्यासाठी दोघांनी जवळ असावं लागतं. मोकळ्या पाण्यात गाठ पडणं अवघड; बायोफिल्ममध्ये मात्र सगळे खांद्याला खांदा लावून बसलेले. 2018 साली जर्मनीतल्या एका गटाने दाखवलं की पाण्यातल्या मुक्त जीवाणूंपेक्षा प्लास्टिकच्या कणांवर बसलेल्यांमध्ये ही देवाणघेवाण बरीच जास्त होते. 2025 मध्ये बॉस्टन विद्यापीठातल्या प्रयोगात ई. कोलाय प्लास्टिकच्या कणांसोबत वाढवला, तेव्हा त्याची औषधांना दाद न देण्याची ताकद वाढलेली दिसली. आणि हा प्रश्न किती मोठा आहे? 2019 या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे जगात सुमारे 12 लाख 70 हजार माणसं थेट दगावली असा अंदाज आहे. यात प्लास्टिकचा वाटा किती हे अजून कुणी मोजलेलं नाही. औषधांचा बेसुमार वापर हेच मुख्य कारण. पण ज्या नाल्यात दवाखान्याचं पाणी, घरचा मैला, अर्धवट सोडलेल्या गोळ्या आणि प्लास्टिक एकत्र येतात, तो नाला अशा देवाणघेवाणीला किती सोयीचा, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही.

इथे कुणीही शहाणा वाचक विचारेल की लाकडाच्या ओंडक्यावर, नारळाच्या करवंटीवर, समुद्री गवतावर जंतू बसत नाहीत का? बसतात. बायोफिल्मला प्लास्टिकच लागतं असं काही नाही, आणि नैसर्गिक वस्तूंवरही रोगजंतू सापडतात. फरक दुसरीकडे आहे. लाकूड कुजतं, गवत सडतं, आणि त्यांच्यावरची वस्ती मोडते. पिशवी वर्षानुवर्षं मोडत नाही, तिचे फक्त तुकडे होतात, आणि तुकडे झाले की जंतूंना बसायला पृष्ठभाग आणखी वाढतो. पिशव्या आणि टोपणं ज्याची बनतात ते पॉलिथीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलकं असल्याने तरंगत लांब जातं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ओंडका आपल्या गटारातून जात नाही. प्लास्टिक जातं. मैल्यात भिजून, तिथले जंतू अंगावर घेऊन, मग ते नदीला मिळतं.

कणाला चिकटून जंतू पोटात जातो, हे काही पुस्तकी अनुमान नाही. कॉलऱ्याच्या बाबतीत ते मोठ्या प्रमाणावर पडताळून पाहिलेलं आहे. कॉलऱ्याचा जंतू पाण्यातल्या बारीक, कवचधारी जीवांच्या अंगाला चिकटून राहतो. अमेरिकेच्या रीटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या खेड्यांत बायकांना पाणी भरताना जुन्या सुती साडीच्या चार घड्या करून गाळायला सांगितलं. साडी जुनीच हवी, कारण धुऊन धुऊन धागे फुलतात आणि भोकं बारीक होतात. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कॉलऱ्याचं प्रमाण 48 टक्क्यांनी घटलेलं दिसलं. एकटा जंतू कापडातून सहज निसटतो, पण तो ज्याच्यावर बसलाय तो कण अडकतो. आपल्या आज्या कळशीच्या तोंडाला फडकं बांधायच्या, त्याला असा पक्का आधार आहे. (गाळलेलं पाणी उकळायचंही असतं, हे विसरू नये.)

मग किनाऱ्यावरच्या प्लास्टिकमुळे माणसं आजारी पडतात का? अभ्यास आज या टप्प्यावर आहेत: रोगजंतू प्लास्टिकवर सापडतात, तिथे जिवंत राहतात, लांबचा प्रवास करतात, औषधविरोधी जनुकं वाटून घेतात, हे दाखवून झालं आहे. एखाद्या किनाऱ्यावर अमुक जणांना अमुक तुकड्यामुळे जुलाब झाले, असा थेट धागा जोडणं मात्र बाकी आहे. ते अवघडही आहे. सहलीहून आल्यावर पोट बिघडलं तर आपण दोष पाणीपुरीला देतो, आणि बहुधा तो बरोबरच असतो.

त्यात एक मोठी अडचण तपासणीचीच आहे. आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे निकष आहेत. नदीत आंघोळीच्या पाण्यात विष्ठेतले कोलिफॉर्म जीवाणू 100 मिलिलिटरला 500 पर्यंत असावेत, 2500 च्या वर कदापि नकोत. समुद्रात पोहण्याच्या पाण्यासाठी ही मर्यादा 100 आहे. निकष चांगले आहेत. पण नमुना घेतला जातो तो पाण्याचा. बाटली बुडवायची, भरायची, प्रयोगशाळेत न्यायची. बाजूला वाळूत पडलेला वाइप, टोपण, दोरीचा गुंता यांना कुणी हात लावत नाही, आणि पोरं खेळतात ती वाळूतच. पाणी पास होऊनही वाळूतला कचरा नापास असू शकतो.

किनाऱ्यावर गेल्यावर करायच्या गोष्टी साध्या आहेत. भेळ-वडापाव खाण्याआधी साबणाने हात धुवायचे. वाळूने माखलेल्या हातावर सॅनिटायझर नीट काम करत नाही, म्हणून गाडीत साबण आणि साध्या पाण्याचा कॅन ठेवावा. नाला किंवा ओढा जिथे समुद्राला मिळतो तिथे लहानांना डुंबू देऊ नये, आणि मोठ्या पावसानंतर एक-दोन दिवस तर अजिबातच नको. अंगावर ताजी जखम, खरचटलेलं, नुकतंच टोचलेलं कान-नाक असेल तर खाऱ्या पाण्यात उतरू नये. पाण्यात काही लागलं तर स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवावं. जखम तासातासाला लाल होत पसरायला लागली, फोड आले, ताप चढला, तर घरगुती हळद लावत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि ‘समुद्राच्या पाण्यात लागलंय’ हे आपणहून सांगा. डोंगराआडच्या आपल्या गावात डॉक्टरला ते सुचेलच असं नाही. तिसऱ्या, कालवं अशी शिंपली नीट शिजवूनच खावीत. किनारा साफ करायला शाळेची पोरं नेत असाल, आणि जरूर न्या, तर हातमोजे आणि चिमटे घेऊन.

आता आपल्या घराकडे येतो. बेळगावच्या गटारात टाकलेली पिशवी वेंगुर्ल्याला पोचते का? नाही पोचत. आपल्या जिल्ह्याची बहुतेक पाणी पूर्वेला जातात. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा, बेळगावच्या कुशीतून जाणारी मार्कंडेय, आंबोलीहून येऊन संकेश्वरला भेटणारी हिरण्यकेशी, गोकाकला उडी घेणारी घटप्रभा, निपाणी-चिकोडीकडच्या वेदगंगा आणि दूधगंगा, या सगळ्या शेवटी कृष्णेला मिळतात आणि कृष्णा आंध्रात बंगालच्या उपसागराला. वाटेत अलमट्टी, नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी एकामागून एक धरणं. शहरातलं बरंचसं प्लास्टिक समुद्र बघतच नाही. नाल्यात, बंधाऱ्यात, शेतात नाहीतर धरणाच्या गाळात अडकतं. अपवाद खानापूरच्या पश्चिम पट्ट्याचा. भीमगडच्या जंगलात देगावजवळ उगम पावणारी म्हादई पश्चिमेला वळते, गोव्यात मांडवी होते आणि पणजीला अरबी समुद्रात उतरते. चोर्ला घाटात गाडीच्या खिडकीतून भिरकावलेली बाटली पावसाच्या ओहोळातून त्याच पाण्याला लागते. गोव्याची पिण्याच्या पाण्याची भिस्त ज्या नदीवर आहे, तिच्या उशाशी आपण राहतो.

पण समुद्राला पोचलं नाही म्हणून निश्चिंत व्हावं असं नाही, कारण बायोफिल्मला खारं पाणी लागतच नाही. 2014 साली शिकागोच्या संशोधकांनी सांडपाणी प्रकल्पाच्या खालच्या अंगाला नदीतले प्लास्टिकचे कण तपासले, तिथेही हीच गत होती: वेगळी वस्ती, आणि तिच्यात आतड्याच्या आजारांशी नातं असलेली कुळं. गोड्या पाण्यातला हा कण समुद्रापर्यंत जायची वाट बघत नाही. बेळगावच्या शहापूर, वडगाव, जुने बेळगाव, अनगोळ भागातल्या शिवारांच्या शेतकऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात बळ्ळारी नाला फुगून भातशेतीत शिरतो तेव्हा पाण्याबरोबर पिशव्या, थर्माकोल आणि डायपर चिखलात रुततात, आणि रोप लावणाऱ्या बाया त्याच चिखलात अनवाणी दिवसभर वाकलेल्या असतात. ज्या मातीतल्या बासमतीच्या वासाचा आपण अभिमान बाळगतो, तिच्यात काय मिसळतंय याची चिंता किनाऱ्याच्या चिंतेइतकीच खरी आहे.

म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीवर आहे: प्लास्टिक आणि मैला यांची गाठ पडू द्यायची नाही. कोरड्या कचऱ्यात गेलेली पिशवी कुरूप दिसेल, पण ती रोगजंतू वाहत फिरणार नाही. तीच पिशवी गटारात गेली की वाहन बनते. कायदे झाले आहेत. कर्नाटकात 2016 पासून पिशव्यांवर बंदी आहे, 1 जुलै 2022 पासून देशभर स्ट्रॉ, प्लास्टिकचे चमचे आणि कानाच्या प्लास्टिक काड्या बंद आहेत. पण वाइप्स, डायपर आणि सॅनिटरी पॅड या बंदीत नाहीत, आणि मैल्याशी थेट संबंध त्यांचाच. वाइप कापडासारखा दिसतो, पण बऱ्याच वाइप्समध्ये पॉलिएस्टरचे धागे असतात. तो संडासात विरघळत नाही. या तिन्ही वस्तू कागदात गुंडाळून, वर खूण करून, कचऱ्याच्या गाडीत वेगळ्या द्यायच्या. संडासात नाही, नाल्यात नाही, परसातल्या ओढ्यात नाही. गोळ्यांचा अर्धा राहिलेला कोर्सही संडासात ओतायचा नाही.

निर्माल्याचंही तेच. मलप्रभेकाठच्या असोग्याला किंवा कृष्णाकाठी जाणारा माणूस श्रद्धेने फुलं नेतो आणि पुलावर गाडी थांबवून पिशवीसकट खाली सोडतो. फुलं दोन दिवसांत कुजतात, पिशवी काठाच्या झुडपाला लटकून राहते, आणि संक्रांतीला लोक त्याच पाण्यात डुबकी मारतात. फुलं झाडाच्या बुंध्याशी घालावीत, पिशवी घरी परत न्यावी.

आणि एक काम नगरपालिकांकडे हक्काने मागायला हवं. पावसाळ्याच्या तोंडावर नाले उपसले जातात, हे चांगलंच आहे. पण उपसलेला काळा गाळ आणि त्यातलं प्लास्टिक कित्येकदा काठावरच ढीग करून ठेवलं जातं. पहिल्या वळिवात ते जसंच्या तसं परत नाल्यात. ढीग दोन-चार दिवसांत उचलला गेला पाहिजे, आणि तो उपसणाऱ्या कामगारांना गमबूट, जाड हातमोजे, कामानंतर आंघोळीला पाणी आणि वेळच्या वेळी धनुर्वाताची लस मिळाली पाहिजे. या सगळ्या लेखात ज्या थराबद्दल सांगितलं, तो सगळ्यात आधी त्यांच्या हाताला लागतो, आणि हातावर जखमा असतात त्याही त्यांच्याच.